धाराईचा तांब्या

परवा माझ्या सुनेनं चारचौघांत माझं कौतुक केलं आणि माझं तोंड काळं केलं. दोन्ही एकाच दमात. असं तिलाच जमतं.

शहरातली तीसेक माणसं आली होती आमच्या तळकोंडीला. बाया, बापे, सगळ्यांच्या अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर नारळाच्या करवंटीसारख्या टोप्या. सकाळी देवळापासून निघाली, खिंड चढून पलीकडं उतरली, धरणाचं पाणी त्या निमुळत्या प्लास्टिकच्या होड्यांतनं वल्हवलं, आणि तिथनं सायकली मारत डोंगराला वळसा घालून चारच्या सुमाराला परत देवळापुढं. कुठंही इंजिन लावलं नाही म्हणून टाळ्या वाजवत होती. एकेकाच्या गळ्यात बिल्ला. उज्वला, म्हणजे माझी सून, मांडवाच्या कडेला चुलीपुढं बसून त्यांच्यासाठी भाकरी थापत होती. मला मेली खुर्ची दिली होती पुढं, गावातली जुनी बाई म्हणून.

त्यांच्यातली एक पोरगी माईक घेऊन फिरत होती. तिनं उज्वलाला विचारलं, "ताई, या वाटेनं आमच्याआधी कुणी अशी फेरी केली होती का हो?"

उज्वलानं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "व्हय तर. आमच्यात तो देवीचा मानच होता. बाईमाणसात पहिल्या गेल्या त्या आमच्या आत्याबाई. त्या काय बसल्यात."

"वॉव! आणि तुम्ही?"

"मी होते बरोबर. पण मी आपली हमाल."

लोक हसले. टाळ्या पडल्या. ती पुन्हा पीठ मळायला लागली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मागच्या रांगेतनं तात्याबा भावजी ओरडले, "वैनी, मान कसा गेला ते पण सांगा की मग!" आणि ती माईकवाली पोरगी माझ्या तोंडापुढं तो दांडा धरून उभी. "आजी, सांगा ना."

एकाहत्तर वर्षांत माझी जीभ कधी अडकली नव्हती. तिथं अडकली.

वीस वर्षांमागची गोष्ट. एवढ्या काळात एकदाही तिनं तो 'हमाल' शब्द तोंडातनं काढला नव्हता. मला वाटलं होतं, विसरली.

*

धाराईची अंगफेरी आमच्या उतेकरांच्या घराकडं होती. चैत्रातल्या जत्रेच्या आदल्या दिवशी देवीच्या झऱ्याचं पाणी तांब्यात भरायचं, तोंडावर नारळ बसवायचा, आणि तो तांब्या सगळ्या डोंगराभोवती फिरवून दिवस बुडायच्या आत देवळाच्या उंबऱ्याआत न्यायचा. तांब्या भुईला टेकवायचा नाही. बैल, घोडा, इंजिन काही चालायचं नाही. घरच्या माणसानं आपल्या अंगानं न्यायचा. पूर्वी सगळी वाट पायी होती. मग धरण आलं, खालची वाट आणि तिच्यावरची सात गावं पाण्यात गेली. पाण्याला वळसा घालून पायी जायचं तर दोन दिवस लागायचे. तेव्हा गावच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं की पाण्यावर वल्हं मारायचं, आणि पलीकडच्या डांबरी रस्त्यानं सायकल चालवायची. सायकलला पायच लागतात, म्हणून चालेल म्हणाले.

आमच्या मालकांनी अशी बावीस वर्षं फेरी केली. एकदा अंगात ताप होता तरी. ते गेल्यावर आमचा हणमंत करायचा. तो वाशीच्या बाजारात माथाडी. जत्रेला चार दिवस सुट्टी काढून यायचा.

त्या वर्षी आला तो हात गळ्यात बांधून. गोणी घसरून खांद्याचं हाड मोडलं होतं.

"आई, यंदा सोडून दे," म्हणाला. "तात्याबा काकांची पोरं तयार हाईत."

"तयार असणारच. गेली तीस वर्षं टपून बसल्यात."

"मग काय करू? एका हातानं वल्हं मारू?"

"तू बस घरात," मी म्हटलं. "मी जाते."

तो हसला. माझ्या पोरानं मला हसलेलं मला खपत नाही. मी तशीच उठून गुरवाकडं गेले. तिथं तात्याबा होतेच. एका वर्षी चुकलं की मान दुसऱ्या घराकडं जातो, आणि गेलेला परत येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं पाठ होतं.

गुरव म्हणाला, "अनशावैनी, बाईमाणसानं नेल्याचं कधी ऐकलं न्हाई."

"देवी बाई हाय का बाप्या?"

गुरवानं डोकं खाजवलं. तात्याबा म्हणाले, "खिंड चढाल वैनी, होडीपण माराल, तरवाल्याची लेक तुम्ही. पण सायकल?"

तिथं माझी गाडी अडली. सायकलवर मी जन्मात बसले नव्हते. तेवढ्यात दारातनं आवाज आला, "मला येती."

उज्वला. लग्नाला तीन वर्षं झालेली, कडेला वर्षाची पोर. माण तालुक्यातली, कोरड्या मुलखातली. शाळा तीन कोसांवर, भावाच्या सायकलवर जायची म्हणे. तिला मी बोलावलं नव्हतं. मागनं येऊन उभी राहिली होती.

"तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

"कुणी न्हाई. येती म्हणून सांगितलं."

अशी ती. मला पहिल्या दिवसापासनं आवडली नव्हती. उलटून बोलायची नाही, भांडायची नाही, रडायची नाही. मी म्हणेन ते करायची, पण म्हणेन तेवढंच. अंगण झाड म्हटलं तर अंगण झाडायची, आणि ओट्यावर केर असला तर तसाच. विचारलं तर म्हणायची, "ओटा म्हणाला न्हाईत." तिला ओटा दिसत नव्हता असं नाही. माझ्या शब्दांनी मलाच चापटी मारायची तिची ती रीत होती.

पण दुसरं कोण होतं? मालकांची काळी सायकल आदल्या दिवशी एसटीच्या टपावर टाकून पल्याडच्या गावाला पाठवली, तिथल्या एका चहाच्या हॉटेलात ठेवायला सांगितली. पोर हणमंताजवळ सोडली.

दिवस उगवायला निघालो. तांब्या माझ्या डोक्यावर. खिंडीची चढण उभी, करवंदीची जाळी दोन्ही बाजूंनी, आणि चैत्रातलं ऊन आठ वाजल्यापासनंच पाठीवर बसलेलं. एक्कावन्न वर्षांची होते मी. गावात मी म्हातारी नव्हते, पण त्या चढणीवर मला कळलं की माझे गुडघे झाले होते. दर पन्नास पावलांवर थांबावंसं वाटायचं. थांबले की मागं उज्वला थांबायची. तिच्यापुढं थांबायची लाज वाटून मी पुन्हा चालायची.

"तांब्या द्या थोडा वेळ," ती म्हणाली.

"कशाला?"

"मान आखडली आसंल."

"मान आखडली न्हाई. मान हाय म्हणून तर चाललीय."

अर्ध्या खिंडीत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं दोन्ही चपला काढून झाडाच्या फांदीला अडकवल्या आणि अनवाणी चालायला लागली. खाली खडी तापलेली. मी पुढं बघून चालत राहिले. 

माथ्यावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले असतील. मालक नऊला माथ्यावर असायचे, तिथनं आरसा चमकवायचे आणि मी अंगणातनं बघायची. मी आरसा आणला होता. पदरातनं काढला आणि पुन्हा आत ठेवला. उशीर झालेला कुणाला कशाला दाखवायचा?

पलीकडं उतरताना गुडघ्यांनी पुरा दगा दिला. बसत, धरत, खुरडत उतरलो. पाण्याच्या कडेला आमची होडी बांधलेली होती. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, कडेचा चिखल वाळून भेगाळला होता.

उज्वला पाणी बघून थबकली. एवढं पाणी तिनं लांबनं बघितलं होतं, वर बसायची वेळ आली नव्हती.

"बस," मी म्हटलं.

"हलतीया."

"होडी हाय. हलणारच. बस."

बसली. दोन्ही हातांनी कडा गच्च धरलेल्या. मला दोन्ही हात वल्ह्याला हवे, म्हणजे तांब्या तिच्याकडं देणं आलं. तो देताना माझ्या जिवावर आलं. म्हणून म्हटलं, "हे बघ, बुडालीस तर बुड. तांब्या वर धर."

तिनं कडा सोडल्या. तांब्या दोन्ही हातांनी उचलून कपाळाच्या वर धरला आणि डोळे मिटले.

मी वल्हं मारायला लागले. माझा बाप त्याच नदीवर तर, म्हणजे माणसं पार करायची नाव, चालवायचा, धरणाच्या आधी. आता नदी कुठं आणि पाणी कुठं, पण हातांना आठवत होतं. आमचं घर, चिंच, बापाचा धक्का, सगळं त्या पाण्याखाली कुठंतरी. मी खाली बघितलं नाही. वारा समोरनं होता. वल्हं मारावं तेवढी होडी पुढं जायची, थांबावं तर मागं. दीड तास लागला. हाताला फोड आले, फुटले, वल्हं ओलं झालं.

आणि तो सगळा दीड तास उज्वलानं तांब्या तसाच वर धरला होता. कोपरातनं घाम ठिबकत होता. मांडीवर घेतला असता तरी चाललं असतं. मी बघत होते. 'खाली घे' हे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी म्हटले नाहीत. तिनं विचारावं असं मला वाटत होतं, आणि मी सांगावं असं तिला वाटत असणार.  आणि दोघींच्या मधे तो तांब्या बिचारा.

पल्याड लागलो तर सायकलच्या मागच्या चाकात हवा नाही. हॉटेलवाला म्हणाला, "उन्हानं गेली आसंल, मावशी." त्याचा पंप शेजारच्या वस्तीवर. तो येईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. तांब्या मांडीवर घेऊन मी बाकावर बसले. उठायची इच्छा मेली होती. खरं सांगते, त्या क्षणाला कुणी जीप आणून उभी केली असती तर मी तात्याबांचा, मालकांचा, देवीचा, कुणाचाही विचार केला नसता.

"किती वाजलं?" मी विचारलं.

"दोन," हॉटेलवाला म्हणाला. "बाप्ये बारालाच निघतात हितनं."

उज्वलानं उभ्यानं चहा प्याला, लुगड्याचा काष्टा घातला, टांग मारली. मी मागं कॅरेजवर, तांब्या पोटाशी. नऊ कोस रस्ता.

सपाटीला तिनं चांगली मारली. वाऱ्यानं बरं वाटलं. पण कोसभरावर चढ लागला, तो उतरला की दुसरा. मला बसवून ती उभ्यानं पायडल मारायची, सायकल वाकडीतिकडी जायची. मग ती उतरायची आणि ढकलायची, मी वर बसलेलीच. माझ्या पायांत उतरायचं बळ नव्हतं. एकेका चढाला घटकाभर वेळ जायचा. ऊन कलायला लागलं. तिच्या अनवाणी टाचेला पायडलनं सोलून काढलं होतं, डांबरावर रक्ताचे ठिपके पडत होते.

पांढरीच्या चढाखाली ती थांबली. तो चढ सगळ्यात मोठा. तिनं वर बघितलं, मग सूर्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आत्याबाई, उतरता का?"

"चढ सरला की उतरते."

ती थोडा वेळ दम खात राहिली. मग म्हणाली, "अंगफेरी म्हणत्यात ना हिला? आपल्या अंगानं करायची?"

"मग?"

"मग तुमचं अंग माझ्या अंगावर चाललंय. ह्यात तुमची फेरी कुठली?"

ते खरं होतं. दोन तास मी तिच्या पायांवर बसून मान मिरवत होते. खरं बोललेलं मला कधी पचत नाही, आणि तिच्या तोंडचं तर नाहीच. मी कॅरेजवरनं उतरले. तिनं हात पुढं केला, तो मी झिडकारला.

"सायकल एकटीनं नेलीस तर दिवस बुडायच्या आत पोचशील?"

"पोचंन."

डोंगराच्या सोंडेवरनं तिथनं एक पायवाट गावात उतरते, अर्ध्या अंतराची. तांब्याला ती चालत नाही. तांब्यानं सगळ्या डोंगराला वळसा घालायला पाहिजे, सोंड कापून चालत नाही. पण मला चालत होती. मी त्या वाटेनं जायचं, तिनं तांब्या घेऊन रस्त्यानं जायचं, वेशीत दोघींनी गाठ घालायची. तांब्या माझ्याकडं द्यायचा आणि मी तो देवळात न्यायचा. अख्ख्या गावासमोर, तात्याबांसमोर. एवढं झाल्यावर ती शेवटची शंभर पावलं मी कुणाला देणार नव्हते.

तिनं पिशवीतनं जुन्या लुगड्याची ओढणीएवढी पट्टी काढली आणि लेकरू बांधतात तसा तांब्या पाठीला बांधला. मला ते आवडलं नाही. तिच्या पाठीवर तो फार बरा दिसत होता.

म्हणून मी बोलले. "हे बघ उज्वला. मान माझ्या घराचा हाय. तू आपली हमाल. वेशीपर्यंत न्यायचा आणि तिथं थांबायचं. आत मी नेणार. मी येईस्तोवर हलायचं न्हाई."

ती वळली. म्हणाली, "हमालाचीच बायको हाय मी. तुमच्याच ल्योकाची." आणि टांग मारून गेली. मागं वळून बघितलं नाही.

मी पायवाटेला लागले. फार लांब नव्हती. सोंडेच्या माथ्यावर एक जांभूळ आहे. तिथनं आमचं गाव दिसतं, देवळाचा कळस दिसतो. दिवस अजून चांगला दोन कासरे वर होता. तिला यायला वेळ होता. म्हटलं, टेकावं जरा. पाय पसरले, पाठ बुंध्याला लावली. हातातले फोड ठसठसत होते. सावली गार होती.

डोळे उघडले तेव्हा ऊन नव्हतं.

कशी उतरले ते आठवत नाही. वेशीत गाव जमलं होतं. ढोल गप्प. आणि वेशीच्या दगडाच्या अल्याड, बाहेरच्या अंगाला, सायकल हाताशी धरून उज्वला उभी. तांब्या पाठीवर. पायातनं रक्त, तोंडावर धूळ, ओठ कोरडे पडलेले. गुरव आतनं हात जोडत होता, हणमंत एका हातानं तिला ओढत होता, "अगं चल, अगं दिवस बुडतोय, चल," आणि ती एकच म्हणत होती, "आत्याबाईंनी थांबायला सांगितलंय."

नंतर कळलं, ती तासभर उभी होती. दिवस बुडायच्या आधी तासभर.

मी पोचले तेव्हा डोंगरामागं नुसता लाल पट्टा उरला होता. तात्याबा पुढं आले. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण आवाज मोठा दुःखाचा काढला. "वैनी, तुम्ही कुठं होता?"

"गुडघा मुरगळला."

गुरव म्हणाला, "वैनी, ही म्हणतीया तुम्हीच सांगितलं, वेशीत थांब म्हणून. सांगितलं होतं का?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. हणमंत बघत होता. व्हय म्हणायला एक शब्द लागत होता. पण व्हय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का सांगितलंत, आणि मग जांभळीपर्यंत सगळंच उकरावं लागलं असतं. बावीस वर्षं माझ्या मालकांनी जपलेला मान मी झोपेत घालवला, हे मला माझ्या तोंडानं सांगायचं नव्हतं.

"मी?" मी म्हटलं. "मला काय येड लागलंय?"

उज्वलानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कुणी हिशेबात चूक आहे का बघावं तसं, नीट. मग पाठीची गाठ सोडली, तांब्या काढला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या," म्हणाली. "वेशीपर्यंत आणला."

बास. एवढंच. ना रडली, ना भांडली. हणमंताला पण कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मला बोलला असता, आणि तो कधी बोलला नाही.

मान गेला तात्याबांकडं. त्यांच्या पोरांनी दोन वर्षं फेरी केली. तिसऱ्या वर्षी लाँचनं पाणी ओलांडलं. आता तांब्या जीपमध्ये बसतो, पुढं भोंगा वाजतो, आणि तासाभरात डोंगराभोवती फिरून परत येतो. कुणी काही म्हणत नाही. अंगफेरी काय असते ते ज्यांना ठाऊक होतं ते गेले.

पण उज्वलाला गावानं सोडलं नाही. पाण्यावर गेली की बाया म्हणायच्या, "थांब गं उज्वला, तुझी सासू येऊ दे." लग्नात, हळदीत, कुठंही. 'थांबी' म्हणायला लागले तिला. तिच्या पोरीला शाळेत चिडवलं, थांबीची पोर म्हणून. मी ऐकायची. एकदा मी त्या बायांना शिव्या घातल्या, घसा बसेपर्यंत. उज्वला म्हणाली, "राहू द्या आत्याबाई, तुम्हाला दम लागतो."

वीस वर्षं तिनं मला वाढलं, माझे पाय दाबले, माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला दवाखान्यात उशाशी बसली. सांगितलं तेवढं सगळं केलं. आणि वीस वर्षांनी एका वाक्यात, भाकरी उलटता उलटता, सगळं माझ्या ताटात परत वाढलं.

*

"आजी?" ती माईकवाली पोरगी म्हणाली. "दमलात का?"

"दमले," मी म्हटलं. भोंग्यातनं आवाज सगळ्या मांडवाला गेला. "लई दमले. आण तो हिकडं."

मी तिच्या हातातनं माईक घेतला. चुलीकडं बघितलं. "उज्वला, हिकडं ये. हात धुऊ नको, तशीच ये."

ती आली. बोटांना पीठ, कपाळावर राख. माझ्यापुढं येऊन उभी राहिली, सांगितलं तेवढं. शहरातली माणसं हसत बघत होती, त्यांना वाटलं सासू-सुनांची गंमत चाललीय. मागच्या रांगेत तात्याबा भावजी पुढं वाकले. मला नीट उभं राहता येत नाही, पण मी खुर्चीचा हात धरून उठले.

"भावजी, तुम्ही पण ऐका, कान हाईत तोवर," मी म्हटलं. "त्या दिवशी माझा गुडघा मुरगळला नव्हता. मी सोंडेवरच्या जांभळीखाली निजले होते. हिला वेशीत थांब म्हणून मीच सांगितलं होतं. आणि सगळ्या गावासमोर न्हाई म्हणून खोटं बोलले, ते पण मीच."

 उज्वला माझ्याकडं बघत होती, त्या दिवशीसारखी, नीट.

"आणि तू," मी तिला म्हटलं. "हमाल म्हणे. हमाल ठिकाण आलं की वझं टाकून मोकळा हुतो, नवऱ्याला विचार तुझ्या. तू ते वीस वर्षं पाठीवर बांधून फिरलीस, मला दिसावं म्हणून. तू हमाल न्हाईस. तू माझ्यापेक्षा खाष्ट हाईस. त्या दिवशी मान तुझा होता, आणि तुला ते ठावं होतं. आता थांबू नको, जा, तव्यावरची भाकरी करपतीया."